गुरुजींची ‘मेडिकल’

संध्याकाळी सातनंतर दवाखान्यात येणाऱ्या माणसांत एक प्रकार असा असतो, की त्याला काहीच झालेले नसते. तो रीतसर केसपेपर काढतो, बाकावर शांत बसतो, आपला नंबर आला तरी दुसऱ्याला पुढे जाऊ देतो आणि सगळे आटोपल्यावर आत येऊन दार हळूच लोटून घेतो. "डॉक्टर, एक दाखला हवा होता. चार दिवसांचा. काहीही लिहा."

हे ‘काहीही लिहा’ मी व्यवसाय सुरू केल्यापासून ऐकतो आहे. मागणारे सगळ्याच खात्यांतले असतात. पण शिक्षक जरा जास्त. शिक्षक अधिक खोटे बोलतात असा याचा अर्थ कुणी काढू नये. कचेरीतला माणूस दोन तास जागेवर नसला तर टेबलावरच्या फाइली बोंब मारत नाहीत. वर्गावर शिक्षक नसला की तीस पोरे साऱ्या गावाला ऐकू जातात. त्यामुळे शिक्षकाला गैरहजेरीसाठी कागद लागतो आणि तो कागद माझ्याकडे मिळतो असा समज आहे.

गेल्या आठवड्यात अशाच एक बाई आल्या. जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर आहेत. रोज दुचाकीवरून जाऊन येऊन पन्नासेक किलोमीटर. नवरा पुण्याला नोकरीत, घरी दोन मुले आणि सासूबाई. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेची तारीख मिळाली होती. किरकोळ रजा संपलेल्या. "पुढच्या आठवड्यात चार दिवस पाहिजेत. व्हायरल लिहा, नाहीतर कंबर लिहा. कंबर तशी दुखतेच."

मी दाखला दिला नाही. का दिला नाही, ते सांगण्यासाठी आजचे सदर. मात्र बाई लबाड होत्या असे मला त्या दिवशीही वाटले नाही, आजही वाटत नाही.

आधी नियम काय म्हणतो ते पाहू, कारण खुद्द शिक्षकांपैकीच बऱ्याच जणांना तो नीट ठाऊक नसतो. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे कर्मचाऱ्याच्या खात्यावर सेवेच्या दर पूर्ण वर्षाला २० दिवसांची अर्धवेतनी रजा जमा होते. ही रजा वैद्यकीय प्रमाणपत्रावर घेता येते, तशीच खाजगी कामासाठीही घेता येते. खाजगी कामासाठी घेतली तर नावाप्रमाणे पगार अर्धा. आजारपणाचे प्रमाणपत्र जोडले की हीच रजा ‘परिवर्तित’ करून पूर्ण पगारी घेता येते. मात्र एका दिवसासाठी खात्यातून दोन दिवस वजा होतात. आपण बोलताना ‘मेडिकल टाकली’ म्हणतो ती बहुधा ही परिवर्तित रजा. इतर कर्मचाऱ्यांना वर्षाला ३० दिवसांची अर्जित रजा असते. शिक्षकांना उन्हाळ्याची आणि दिवाळीची दीर्घ सुटी मिळते म्हणून त्यांना ती तशी मिळत नाही.

म्हणजे हिशेब उघड आहे. सासूबाईंच्या शस्त्रक्रियेसाठी बाईंना रजेचा मार्ग होता. अर्जावर खरे कारण लिहायचे आणि चार दिवस अर्ध्या पगारावर राहायचे. खोट्या दाखल्याने त्यांचा वाचणार होता तो दोन दिवसांचा पगार. एवढ्यासाठी त्यांनी कंबरदुखीची सही मागितली आणि एवढ्यासाठी मी माझी नोंदणी पणाला लावायची होती! भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारसंहितेप्रमाणे खोटे प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काढता येते. दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद ठेवायची, त्यावर रुग्णाची ओळखखूण लिहायची, असेही त्यात सांगितले आहे. किती दवाखान्यांत ही वही असते, हा प्रश्न वाचकांनी मला विचारू नये. माझ्याकडे आता आहे. पूर्वी नव्हती.

पूर्वी नव्हती, म्हणून पुढची हकीकत घडली. ती सांगताना मला अभिमान वाटत नाही.

मी नवा नवा या गावात बसलो तेव्हा एक गुरुजी माझ्याकडे येत. माणूस उमदा, शिकवणारा, मुलांत रमणारा. घरची शेती होती, भावकीचे वाद होते, बहिणींची लग्ने व्हायची होती. पेरणीला तीन दिवस, कोर्टाच्या तारखेला दोन, लग्नसराईत पाच. वर्षाकाठी दहा-बारा दिवसांचे दाखले ते माझ्याकडून नेत. मी दरवेळी ‘कंबरदुखी’ लिहीत असे. कंबरदुखी सोयीची. ताप थर्मामीटरवर दिसतो, कावीळ डोळ्यांत दिसते. कंबर दुखते की नाही हे ज्याचे त्यालाच ठाऊक. एकदा तर त्यांच्या बहिणीच्या लग्नात माझ्या शेजारच्याच पाटावर त्यांचे विस्तार अधिकारी जेवायला बसले होते. गुरुजी वाढायला आले, खाली वाकून जिलबी वाढली, ताठ उभे राहिले आणि आम्हा दोघांना पाहून गोरेमोरे झाले. साहेब शांतपणे म्हणाले, "गुरुजी, कंबर जपा." पंगत हसली, मीही हसलो.

पंधरा-सोळा वर्षांनी गुरुजींच्या पायाला मुंग्या येऊ लागल्या. मग डावे पाऊल उचलेना. मणक्यातली चकती सरकून मज्जातंतू दाबला गेला होता. शस्त्रक्रिया करावी लागली आणि पुढे तीन महिने वाकायचे नाही, दुचाकीवर बसायचे नाही, असे सांगण्यात आले. रजेचा अर्ज गेला. कचेरीतल्या लिपिकाने सेवापुस्तक उघडून दाखवले: कंबरदुखी, कंबरदुखी, कंबरदुखी. खात्यावर शिल्लक जवळजवळ शून्य. दर वर्षी जमा होणारे २० दिवस दहा दिवसांच्या ‘मेडिकल’मध्ये दर वर्षी संपत होते. तीस वर्षांची नोकरी धरली तर ६०० दिवसांची अर्धवेतनी, म्हणजे पूर्ण पगाराच्या हिशेबाने ३०० दिवस, एवढी पुंजी माणसाच्या नावावर साठू शकते. गुरुजींनी आपल्या वाटणीची पेरणीत आणि कोर्टात घातली होती. शेवटी बरेच दिवस बिनपगारी असाधारण रजेवर काढावे लागले. मुलगी तेव्हा शिक्षणासाठी बाहेरगावी होती.

त्याहून मला लागले ते वेगळेच. शस्त्रक्रियेपूर्वी सर्जनने त्यांना विचारले, दुखणे किती दिवसांचे? गुरुजी म्हणाले, तीन महिन्यांचे. सोबतच्या कागदांत माझे जुने दाखले होते. त्यांवरून दुखणे पंधरा वर्षांचे निघत होते. सर्जनचा मला फोन आला. खरे काय? मी फोनवर गप्प राहिलो. डॉक्टरच्या हातातला कागद खोटा असला की त्यानंतरच्या प्रत्येक डॉक्टरला अंधारात चाचपडावे लागते. त्या दिवसापासून मी वही घातली.

आता दुसरी बाजू. आपल्याकडे शिक्षकावर तोंडसुख घेणे फार सोपे झाले आहे. ‘यांना सुट्या कमी का आहेत?’ हे वाक्य एस.टी.त, कट्ट्यावर, लग्नात सगळीकडे ऐकू येते. सुट्या आहेत हे खरे. पण त्या त्यांच्या सोयीने येत नाहीत. सासूबाईंचा मोतीबिंदू मे महिन्याची वाट पाहून पिकत नाही. नेत्रविभागाची तारीख जुलैत मिळाली तर जुलैतच जावे लागते. मुलाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरी उघडी असते ती शाळेच्याच वेळात. आणि घरातले आजारपण निघाले की नोकरी करणाऱ्या पुरुषाला कुणी ‘तू रजा काढ’ म्हणत नाही. ते बाईच्याच वाट्याला येते. राज्य शासनाने २०१८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांसाठी १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, ही चांगली गोष्ट झाली. पण ती मुलांसाठी. म्हाताऱ्या आईवडिलांसाठी, सासूसासऱ्यांसाठी काय?

शिक्षकांच्या गैरहजेरीचे आकडेही जरा नीट वाचावेत. २००३ मध्ये देशातल्या वीस राज्यांत अचानक भेटी देऊन एक मोठी पाहणी झाली होती. तिच्यात सरकारी प्राथमिक शाळांतले सरासरी २५ टक्के शिक्षक जागेवर आढळले नाहीत. हा आकडा पुढे अनेक वर्षे वर्तमानपत्रांत गाजला. त्याच पाहणीत महाराष्ट्राचा आकडा साडेचौदा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सगळ्या राज्यांत कमी होता, हे फार थोड्यांनी छापले. २०१७ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनने सहा राज्यांतल्या ६१९ शाळा पाहिल्या. शाळेत नसलेल्या शिक्षकांपैकी बहुतेक जण सरकारी कामावर किंवा मंजूर रजेवर होते. काहीही कारण न देता गायब असलेले सुमारे अडीच टक्के निघाले. पाट्या टाकणारे शिक्षक मीही पाहिले आहेत. पण माझ्या दारात रात्री सात वाजता येणारे बहुतेक तसे नसतात. पाट्या टाकणाऱ्याला दाखल्याची गरजच वाटत नाही. तो परस्पर जुळवून घेतो.

तरीही मी बाईंना नाही म्हणालो, कारण त्या वर्गाचेही मी काही देणे लागतो. मोठ्या गावातल्या शाळेत एक शिक्षक आला नाही तर तास दुसऱ्याला देतात, फार तर मुले मैदानावर जातात. दोनशिक्षकी शाळेत एक जण रजेवर गेला की पहिली ते पाचवी एकाच्या गळ्यात पडते. बदली शिक्षक नावाची व्यवस्था आपल्या प्राथमिक शाळांत प्रत्यक्षात नाही. उरलेला शिक्षक हजेरी घेणार, खिचडीवर लक्ष ठेवणार, वरून मागितलेली माहिती मोबाइलवर भरणार, शिकवणार केव्हा? शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरावी असे ठरवून दिले आहे. शाळा भरली, कुलूप उघडले, मुले आली. पण दिवस भरला का?

आरोग्याच्या सदरात हे कशाला, असे कुणी म्हणेल. म्हणून सांगतो. फळ्यावरचे न दिसणारे पोर डोळे बारीक करते, हे आईच्या आधी बाईंना कळते. वर्गात सारखे झोपणारे, कान वाहणारे, अंगावर चट्टा उठलेले मूल पहिल्यांदा त्यांच्याच नजरेस पडते. लोहाची आठवड्याची गोळी, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टची जंताची गोळी, सगळे शिक्षकांच्याच हातून होते. खेड्यातल्या मुलाच्या आयुष्यात रोज त्याच्याकडे पाहणारे शिकलेले माणूस बहुधा एकच असते. ते नसले की त्या दिवशी कुणीच पाहत नाही.

याच्या उलटही एक गैरसमज आहे आणि डॉक्टर म्हणून मला तो अधिक धोक्याचा वाटतो. खोट्या कामाला रजा संपवायची आणि खऱ्या तापात मात्र ‘रजा शिल्लक नाही’ म्हणून वर्गावर उभे राहायचे! फ्लूचा रोगी लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस इतरांना रोग देऊ शकतो. कांजिण्या तर सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत पसरतात. ताप उतरून पुरा एक दिवस जाईपर्यंत शिक्षकाने वर्गात जाऊ नये. तीस मुलांच्या घरी तीस म्हाताऱ्या असतात. आवाज बसला तर कुजबुजत शिकवण्याचा पराक्रम करू नये. कुजबुजण्यानेही स्वरतंतूंवर ताण पडतो. दोन-तीन दिवस आवाजाला खरी विश्रांती द्यावी, आणि तीन आठवडे होऊनही घोगरा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला घसा दाखवावा. शाळेत धड स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या शिक्षिका माझ्याकडे लघवीच्या जळजळीसाठी सारख्या येतात. ही सगळी खरी दुखणी आहेत. ‘मेडिकल’ यांच्यासाठी आहे. ती हक्काने घ्यावी, कुणी डोळे वटारले तरी घ्यावी.

आणि मनाचे काय? इथे माझाही हात अडखळतो. झोप उडालेली, शाळेच्या फाटकाशी छातीत धडधडणारी, कारण नसताना रडू येणारी माणसे माझ्यासमोर बसतात. जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या थकव्याला २०१९ मध्ये रोग न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटले आहे; पण नैराश्य हा रोगच आहे, औषधोपचाराने बरा होणारा रोग. त्याचा दाखला मी देतो. मात्र रुग्णच विनवतो, "डॉक्टर, ते लिहू नका, व्हायरल लिहा." कागद केंद्रापासून पंचायत समितीपर्यंत किती हातांतून फिरतो आणि चहाच्या टपरीवर त्याचे काय होते, हे त्याला ठाऊक असते. हे खोटे आणि पेरणीसाठीचे खोटे मला एका मापाने मोजता येत नाही. अशा वेळी मी रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो आणि दाखला त्यांच्याकडून घ्यायला सांगतो. यात थोडी पळवाट आहे, हे कबूल.

मला विचाराल तर दोन गोष्टी व्हाव्यात. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आजारपणासाठी या २० दिवसांतलेच वर्षाला पाच-सहा दिवस पूर्ण पगारी घेण्याची मुभा द्यावी. कारण खरे लिहायचे, सोबत रुग्णालयाचा कागद जोडायचा. सरकारचा खर्च फारसा वाढणार नाही, कारण हे दिवस आजही घेतले जातातच, फक्त माझ्यासारख्याच्या खोट्या सहीने. दुसरे, दोन-तीन दिवसांच्या साध्या तापसर्दीला डॉक्टरचा दाखला मागूच नये. शिक्षकाने स्वतः लिहून दिलेले मानावे. ब्रिटनमध्ये सात दिवसांपर्यंतच्या आजाराला असे चालते. आपल्याकडे गैरफायदा घेतील, असे साहेब म्हणतील. घेतीलही काही जण. आज घेत नाहीत का? साध्या तापाला गावठी उपचार, विश्रांती आणि पेज पुरते. पण कागदासाठी माणूस दवाखान्यात येतो, बाकावर बसून चार जणांना संसर्ग देतो आणि दाखल्याबरोबर नको असलेले इंजेक्शनही घेऊन जातो. वर रुजू होताना पुन्हा ‘फिटनेस’चा दुसरा कागद. न झालेल्या आजारातून बरे झाल्याचा दाखला हा आमच्या धंद्यातला मोठाच विनोद आहे!

शिक्षक मंडळींनाही एक सांगणे आहे. खाजगी कारणाचा अर्ज वरिष्ठ सहज नाकारतात आणि ‘मेडिकल’ नाकारायला कचरतात, म्हणून तुम्ही इकडे वळता, हे मला माहीत आहे. तरी एकदा खरे कारण लिहून पाहा. शस्त्रक्रियेची तारीख आधी कळलेली असते. मुख्याध्यापकांना आठ दिवस आधी सांगितले, मुलांना करायचा अभ्यास लिहून ठेवला, शेजारच्या शाळेतल्या कुणाशी बोलून ठेवले, तर चार दिवसांत आभाळ कोसळत नाही. ‘व्हायरल’ मात्र आधी सांगता येत नाही. ज्या दिवशी सकाळी फोन येतो, त्या दिवशी दुसरा शिक्षक एकटा पडतो.

त्या बाईंना मी हे सगळे इतके लांबण लावून सांगितले नाही. एवढेच म्हणालो, की कंबर लिहिणार नाही. खाजगी कारणाचा अर्ज द्या, दोन दिवसांचा पगार जाईल. त्या काही बोलल्या नाहीत. मुलाची फी भरायची आहे, एवढे पुटपुटल्या. उठल्या तेव्हा टेबलाचा आधार घेऊन उठल्या, म्हणून मी पुन्हा बसवले आणि बी.पी. पाहिले. १७६ वर १०६. एका मोजणीवर विसंबू नये म्हणून दहा मिनिटे शांत बसायला लावून परत घेतले. १७० वर १०४. दोन महिन्यांपासून सकाळी डोके जड होते म्हणाल्या. चष्म्याचा नंबर वाढला असेल असे त्यांना वाटत होते. वय बेचाळीस. स्वतःचे बी.पी. शेवटचे केव्हा मोजले, ते आठवेना. सासूबाईंचे दर महिन्याला मोजतात.

मी वही पुढे ओढली. "बाई, आता खरा दाखला लिहितो. उद्या आणि परवा. रक्त, लघवी, ई.सी.जी. करून घ्या, गोळी सुरू करू आणि विश्रांती घ्या."

"उद्या?" त्या म्हणाल्या. "उद्या नाही जमणार हो डॉक्टर. दुसरे सर प्रशिक्षणाला गेलेत. शनिवारपर्यंत शाळेवर मी एकटीच आहे."

गोळी लिहून दिली. रक्त दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी, सकाळी सातलाच देऊन जायचे ठरले. छातीत दुखले, दम लागला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर शाळा सोडून सरळ दवाखाना गाठायचा, हे दोनदा बजावले. सोमवारी, शाळा सुटल्यावर, पुन्हा बी.पी. दाखवायला येते म्हणून त्या गेल्या.